जुन्या लाकडी बोटीचे बूड दुरुस्त करावे की बोट मोडावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्याच्या अखेरीस बोटी किनाऱ्यावर ओढल्या की वर्सोवा, मढ आणि आसपासच्या कोळीवाड्यांत एकच चर्चा सुरू होते. बुडाला किती खर्च येणार, आणि तो करण्यात अर्थ आहे का? पुढील उत्तरे मुख्यतः यांत्रिक लाकडी मासेमारी बोटींच्या मालकांसाठी आहेत. माझ्या घरी अशी एक बोट होती आणि तिच्यावर आम्ही योग्य व अयोग्य असे दोन्ही प्रकारचे खर्च केले. त्यामुळे काही उत्तरांत माझे स्वतःचे मत डोकावेल.

बोट पंचवीस वर्षांची झाली म्हणजे ती निकामी झाली असे समजावे का?

नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली १८१७ साली सागवानात बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. अर्थात त्याच्यावर झालेला खर्च आपल्यापैकी कोणालाही परवडणारा नाही. मुद्दा इतकाच, की लाकूड वर्षांच्या हिशेबाने मरत नाही. कोणते लाकूड वापरले, दर हंगामात सांधे भरले गेले का, पावसाचे पाणी आत साचले का, आणि बोट किती काळ खाडीत नुसती उभी राहिली, यांवर तिचे आयुष्य ठरते. नियमित धंद्याला जाणाऱ्या आणि दर वर्षी कोरड्यावर येणाऱ्या बोटीपेक्षा वादामुळे दोन वर्षे नांगरून पडलेली बोट अधिक वेगाने खराब होते.

खर्चाचा निर्णय घेताना सर्वांत आधी काय पाहावे?

हाडे पाहावीत, कातडी नंतर. बोटीची कील हा तिचा कणा आहे, तिच्यावर बसवलेली आडवी वाकडी लाकडे या बरगड्या आहेत आणि बाहेरच्या फळ्या ही कातडी आहे. फळी बदलणे हे नेहमीचे काम असून चांगला सुतार एक फळी काढून दुसरी बसवतो, सांध्यात तेलात भिजवलेला कापूस ठासतो, वर राळेचे मिश्रण लावतो आणि बोट पुन्हा पाण्यात जाते. मात्र नवी फळी ज्या बरगडीवर खिळायची ती बरगडीच भुसभुशीत झाली असेल, तर नवे सागवान, नवे खिळे आणि मजुरी हे सारे अशा लाकडाच्या भरवशावर उभे राहते, ज्याच्यात खिळा धरून ठेवण्याची ताकद उरलेली नाही.

म्हणून माझा ठोकताळा असा आहे. कील सरळ आणि टणक असेल, बहुतेक बरगड्या शाबूत असतील, तर दहा-पंधरा फळ्या बदलाव्या लागल्या तरी खर्च करावा. कील वाकली असेल किंवा लागोपाठच्या चार-पाच बरगड्या गेल्या असतील, तर दुरुस्तीचा अंदाज कितीही कमी सांगितला गेला तरी हात आखडता घ्यावा. कमी अंदाजाचाच अशा वेळी अधिक संशय धरावा.

कील वाकली आहे हे कसे ओळखावे?

बोट कोरड्यावर समान आधारांवर बसवल्यावर किलीच्या बाजूने नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत एक बारीक दोरी ताणून बांधावी. मूळ बांधणीत कील सरळ असेल, तर दोरी आणि लाकूड यांतील अंतर सर्वत्र सारखे यायला हवे. मध्यभाग वर उचललेला आणि दोन्ही टोके खाली झुकलेली आढळली, तर बोटीची पाठ गेली असे समजावे. हे दोन्ही बाजूंनी पाहावे आणि मोजमापे लिहून ठेवावीत, कारण पुढच्या वर्षी तुलना करता येते.

पाण्यात असतानाही बोट खुणा देते. पंख्याचा (प्रोपेलरचा) शाफ्ट दर हंगामात पुन्हा पुन्हा जुळवावा लागणे, शाफ्टच्या तोंडाशी पाणी थांबवणारे पॅकिंग लवकर झिजणे आणि इंजिन ठीक असूनही बोट थरथरणे, या तक्रारी आपण इंजिनच्या मेकॅनिककडे नेतो. शाफ्ट बहुधा सरळच असतो. बोटीचा आकार बदललेला असतो.

सुतार येण्यापूर्वी मालकाला स्वतः काय तपासता येईल?

एक लहान हातोडी, एक टोकदार सळई किंवा जुना स्क्रूड्रायव्हर, खडू आणि विजेरी एवढे सामान पुरेसे आहे. बाहेरून बूड खरवडून साफ करावे आणि फळीवर वीतभर अंतराने हलकेच ठोकत जावे. निरोगी लाकूड खणखणीत वाजते आणि हातोडी परत उसळते. पोखरलेले लाकूड बद्द वाजते. आमच्या बोटीच्या वेळी म्हाताऱ्या मिस्त्रींनी किलीपासून तिसऱ्या फळीवर ठोकून वडिलांना जवळ बोलावले आणि म्हणाले, “नाखवा, कान द्या इकडे. वरची फळी बोलते, ही नुसती हुंकार देते.” फळी वरून रंगवलेली, दिसायला नव्यासारखी होती. सळई टेकवून थोडा दाब दिला तर ती बोटभर आत गेली.

बद्द आवाज आलेल्या प्रत्येक जागेवर खडूने फुली मारावी. फुल्या विखुरलेल्या असतील तर काम फळ्यांपुरते राहण्याची शक्यता असते. एकाच उभ्या पट्ट्यात, खालपासून वरपर्यंत आल्या तर आतली बरगडी तपासावी. आतून पाहताना इंजिनाखालची जागा, मासळी व बर्फ ठेवण्याच्या खणाखालचा भाग आणि मागचा कोपरा सोडू नये, कारण तिथे हात पोहोचत नाही म्हणूनच खराबी वाढते. बर्फाचे पाणी हे गोडे पाणी आहे, हे येथे विशेष लक्षात ठेवावे.

गोड्या पाण्याचा एवढा धसका कशासाठी?

कुजवणाऱ्या बुरशीला खारट लाकूड मानवत नाही, गोडे पाणी आणि कोंदट हवा मात्र मानवते. त्यामुळे कूज बहुतेक वेळा वरून खाली उतरते: डेकचे सांधे, काठाखालची जागा, केबिनचे कोपरे. जून-जुलैमध्ये बोट शाकारताना ताडपत्री घट्ट आवळून चारही बाजूंनी बंद केली, तर पाऊस आत येत नाही, पण आतला दमटपणाही बाहेर जात नाही. दोन्ही टोकांना वारा खेळता राहील एवढी फट ठेवावी.

बुडाला टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसतात. ती गंभीर आहेत का?

होय, आणि ती लहान दिसतात हाच त्यांचा धोका आहे. समुद्रात लाकूड पोखरणाऱ्या या जीवाला आपण किडा म्हणतो, पण तो शिंपल्यांच्या कुळातला प्राणी आहे. डोळ्यांना जेमतेम दिसेल अशा अवस्थेत तो लाकडात शिरतो, डोक्याकडच्या दोन इवल्या शिंपल्यांनी लाकूड किसत पुढे सरकतो आणि आतच वाढतो. त्यामुळे बाहेरचे छिद्र तेवढेच राहते आणि आतला बोगदा करंगळीएवढा होऊ शकतो. तो लाकडाच्या रेषेने जातो आणि बोगद्याला आतून चुन्याचे पांढरे अस्तर लावत जातो. आमची ती तिसरी फळी कापली तेव्हा आत पांढऱ्या नळ्यांची जाळी होती आणि दोन नळ्यांमध्ये कागदाएवढे लाकूड शिल्लक होते.

हा प्राणी धोका जाणवला की छिद्राचे तोंड आतून बंद करून घेतो आणि काही आठवडे तसाच तग धरतो. म्हणून बोट आठवडाभर वाळूवर ठेवली म्हणजे किडा मेला, ही समजूत चुकीची आहे. मासेमारी बंदीचे दोन महिने बोट पूर्ण कोरड्यावर राहिली तर तो मरतो, पण पोखरलेले लाकूड भरून येत नाही. नवी फळी घेताना गाभ्याचे सागवान मागावे, कारण कडेचे फिकट लाकूड किडा आणि बुरशी दोघेही आधी गाठतात. पूर्वी बुडाला चुना आणि चरबीचे मिश्रण थापत असत, आता तांब्याचा अंश असलेला रंग लावतात. दोन्हींचा हेतू किड्याला आत शिरू न देणे हाच आहे. जिथे रंग खरवडला गेला आणि लाकूड उघडे राहिले, तिथूनच तो शिरतो. किलीचा तळ बोट ओढताना घासला जातो, म्हणून तो दर वर्षी स्वतः वाकून पाहावा.

खिळे आणि बोल्ट बदलून भागेल का?

काही वेळा भागते. फळ्या टणक आहेत, पण जागोजागी गंजाचे तपकिरी ओघळ आले आहेत, अशी बोट खिळ्यांनी आजारी असते. गंजणाऱ्या लोखंडाभोवतीचे लाकूड काळे पडून मऊ होते आणि भोक सैल होते. अशा वेळी जुन्याच भोकात जाड खिळा ठोकणे हा तात्पुरता उपाय आहे, शेजारी निरोगी लाकडात नवे भोक घेणे योग्य. कोणत्याही तीन-चार ठिकाणचे खिळे उपटून पाहण्याचा आग्रह धरावा. मधोमध झिजून काडीसारखा झालेला खिळा हातात आला, तर बाकीच्यांची स्थिती वेगळी असण्याचे कारण नाही.

बोटीत पाणी येते. किती आले तर काळजी करावी?

आकड्यापेक्षा बदल महत्त्वाचा आहे. लाकडी बोटीत थोडे पाणी येतेच, आणि पावसाळ्यानंतर प्रथम पाण्यात उतरवल्यावर लाकूड फुगेपर्यंत अधिक येते. पंप दिवसातून किती मिनिटे चालवावा लागतो, हे तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाला, वहीत लिहायला सांगावे. ऑक्टोबरमध्ये दहा मिनिटे आणि फेब्रुवारीत चाळीस मिनिटे अशी नोंद असेल, तर मे महिन्याची वाट पाहू नये. नांगरावर पाणी येत नाही, पण लाटांत किंवा जाळे ओढताना येते, अशी तक्रार असेल तर फळ्या बरगड्यांवर हलत आहेत असे समजावे. केवळ कापूस ठासून तो दोष जात नाही. उलट, हलणाऱ्या फळ्यांत अधिक कापूस ठासला तर तो फळ्यांना आणखी दूर ढकलतो.

जुन्या लाकडावर फायबर (काचतंतू आणि रेझिनचा थर) मारून घेतले तर आणखी दहा वर्षे निघतील का?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि माझे उत्तर बहुतेकांना आवडत नाही. निरोगी, कोरड्या आणि न हलणाऱ्या लाकडावर फायबर चांगले बसते व किड्यापासून संरक्षण देते. बोट तुलनेने नवी असतानाच ते करण्यात शहाणपण आहे. मात्र आपण ते बोट मरायला टेकल्यावर करतो.

अडचण मुंबईच्या हवामानात आहे. फायबरखालचे लाकूड बरेच कोरडे, साधारण पंधरा टक्क्यांच्या आसपास ओलावा असलेले हवे. बोट मोकळी असते ती १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात, म्हणजे नेमकी पावसात. त्या दिवसांत हवेतच इतकी आर्द्रता असते की वर्षभर पाण्यात असलेले लाकूड वाळणे शक्य नसते. ओल्या लाकडावर चढवलेले फायबर काही महिन्यांत सुटू लागते, मध्ये पोकळी तयार होते, तिच्यात पाणी शिरते आणि आतले लाकूड कोणाच्याही नजरेस न पडता कुजते. आम्ही जुलैमध्ये ताडपत्रीखाली असे काम करून घेतले. करणाऱ्याने दहा वर्षांची तोंडी खात्री दिली होती. दुसऱ्या वर्षी होळीच्या सुमारास पाण्याखालच्या भागात हाताएवढा फुगा आला, तो कापला तेव्हा काळे पाणी वाहिले आणि मागची फळी हाताने उकरता आली. दोष एकट्या कारागिराचा नव्हता. घाई आमची होती.

फायबर मारायचेच असेल तर फेब्रुवारी ते मे या कोरड्या महिन्यांत बोट वर घ्यावी आणि चुकणाऱ्या फेऱ्यांचे नुकसान खर्चात धरावे. ते परवडत नसेल तर फायबरचा विचार सोडावा.

मिस्त्रींनी सांगितलेला अंदाज कितपत विश्वासार्ह मानावा?

फळ्या उघडण्याआधीचा अंदाज हा प्रामाणिक माणसाचाही अंदाजच असतो. म्हणून व्यवहार दोन टप्प्यांत करावा. पहिल्या टप्प्यात संशय असलेल्या तीन-चार जागी फळ्या काढणे, आत पाहणे आणि नको असल्यास त्या पुन्हा बंद करणे, एवढ्याचीच मजुरी ठरवावी. आतली स्थिती पाहिल्यानंतरच दुसऱ्या टप्प्याची रक्कम बोलावी. हे पहिले पैसे वाया गेले असे अनेकांना वाटते. माझ्या मते संपूर्ण दुरुस्तीतले ते सर्वांत सत्कारणी लागलेले पैसे आहेत.

लेखी कागदावर लाकडाची जात व जाडी, फळ्यांची लांबी, खिळ्यांचा प्रकार आणि जोड कुठे येणार हे असावे. शेजारच्या दोन फळ्यांचे जोड एका रेषेत आले तर बोट तिथेच कमकुवत होते.

खर्चाचे गणित कसे मांडावे?

एकूण रकमेकडे न पाहता वर्षामागे किती पडले ते पाहावे. पुढील आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत. समजा, दुरुस्तीला ६ लाख सांगितले आणि उघडल्यावर निघणाऱ्या कामासाठी २ लाख बाजूला ठेवले. एकूण ८ लाख. बोट त्यानंतर ४ वर्षे निर्धास्त चालली तर वर्षाला २ लाख पडले. कर्जाने केले तर दहा टक्क्यांनी पहिल्या वर्षीचे व्याज ८० हजार, आणि जुन्या बोटीची वरकड डागडुजी वर्षाला १ लाख धरली, म्हणजे सुमारे ३ लाख ८० हजार. दुसरीकडे नवी बोट ३० लाखांची, जुन्या बोटीचे ४ लाख आले, राहिले २६ लाख. वीस वर्षांवर विभागले तर वर्षाला १ लाख ३० हजार, पण पहिल्या वर्षाचे व्याजच २ लाख ६० हजार. बेरीज ३ लाख ९० हजार.

दोन्ही रकमा जवळजवळ सारख्या आल्या. आता याच उदाहरणात दुरुस्त केलेली बोट ४ ऐवजी ३ वर्षेच चालली असे धरा, दुरुस्तीचा वार्षिक खर्च साडेचार लाखांच्या जवळ जातो. ६ वर्षे चालली तर तो सव्वातीन लाखांच्या आत येतो. म्हणजे वाद पैशांचा नसून वर्षांचा आहे, आणि वर्षे किती हे कील आणि बरगड्या सांगतात. मिस्त्रींना ‘किती लागतील’ असे विचारण्याआधी ‘किती वर्षे’ असे विचारावे.

बोट किनाऱ्यावर घेण्याची वेळ कशी ठरवावी?

उधाणावर. अमावस्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत भरती सर्वांत वर चढते, मुंबईत ती साडेचार मीटरच्या पुढे जाते, आणि मोठी बोट उंचावर नेता येते ती त्याच पाण्यावर. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत पाणी तिथवर पोहोचत नाही. एक उधाण चुकले की पंधरवडा गेला, आणि काम अर्धवट असताना उतरवण्याचे उधाण चुकले तर धंद्याचा पंधरवडा गेला. बंदीनंतरचे पहिले दिवस गमावणे सर्वांत महाग पडते, म्हणून लाकूड मार्च-एप्रिलमध्येच घेऊन ठेवावे.

विम्यातून बुडाच्या दुरुस्तीचा खर्च मिळतो का?

अपघाताने, म्हणजे धडक, खडक किंवा वादळामुळे नुकसान झाले असेल तर पॉलिसीच्या अटींप्रमाणे दावा करता येतो. झीज आणि कूज यांचा खर्च सामान्यतः मिळत नाही. सागरी विमा कायदा, १९६३ याच्या कलम ५५ नुसार, पॉलिसीत वेगळे नमूद नसेल तर नेहमीची झीज, नेहमीची गळती आणि वस्तूचा अंगभूत दोष यांसाठी विमा कंपनी जबाबदार नसते.

त्याहून महत्त्वाचे कलम ४१. मुदतीच्या पॉलिसीत बोट समुद्रात जाण्यायोग्य असल्याची हमी गृहीत धरली जात नाही, परंतु ती तशी नाही हे माहीत असूनही मालकाने पाठवली, तर त्या दोषामुळे झालेल्या नुकसानीस कंपनी बांधील नसते. म्हणजे सर्वेक्षकाने बूड खराब असल्याचे लिहून दिल्यानंतर तो कागद खणात ठेवून बोट सोडणे, हे खलाशांच्या जिवाशी खेळणे तर आहेच, शिवाय विमाही हातचा जातो.

नव्या बोटीसाठी सरकारी साह्य मिळते का?

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना जुन्या बोटीच्या बदल्यात बोट व जाळी घेण्यासाठी साह्याची तरतूद करण्यात आली. प्रमाण सर्वसाधारण गटाला ठरलेल्या खर्चाच्या ४० टक्के आणि अनुसूचित जाती, जमाती व महिलांना ६० टक्के असे ठेवले होते. किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही मिळते, पण ते मुख्यतः डिझेल, बर्फ, मजुरी अशा खेळत्या भांडवलासाठी असते. अर्ज करण्यापूर्वी आपली मच्छीमार सोसायटी आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्तांचे कार्यालय येथे चालू अटी विचाराव्यात आणि तोवर जुन्या बोटीला करवत लावू नये. नोंदणी, मासेमारी परवाना आणि डिझेल परतावा हे सारे त्या बोटीच्या नावावर आहे.

वडिलांनी बांधलेली बोट मोडवत नाही. काय करावे?

हा प्रश्न गैर नाही आणि त्याला गणिताने उत्तर देता येत नाही. एवढेच सांगता येईल, की १९६१ साली नौदलात दाखल झालेली विमानवाहू युद्धनौका ‘विक्रांत’ १९९७ मध्ये निवृत्त झाल्यावर मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, सुरक्षिततेच्या कारणावरून २०१२ मध्ये ती लोकांसाठी बंद झाली आणि २०१४ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊनही अखेर मुंबईतच, जहाजे मोडण्याच्या दारूखाना भागात, तिचे तुकडे झाले. तेव्हाही पुष्कळांना वाईट वाटले होते. जतनासाठी खर्च करायचा असेल तर तो जरूर करावा, फक्त तो धंद्याच्या खात्यात लिहू नये आणि अशा बोटीवर खलाशी घेऊन खोल समुद्रात जाऊ नये.

मोडायचे ठरले तर काय वाचवता येते?

इंजिन, गिअरबॉक्स, पंखा, शाफ्ट, विंच, नांगर आणि साखळी यांना दारूखान्यात किंवा दुसऱ्या मालकाकडे गिऱ्हाईक मिळते. पंखा बहुधा पितळी किंवा काशाचा असतो, त्याचे वजन स्वतःसमोर करून घ्यावे. डेकच्या वरचे सागवान अनेकदा उत्तम स्थितीत निघते, ते सरपणाच्या भावात देऊ नये. नोंदणी रद्द केल्याचा कागद हाती आल्याशिवाय सांगाडा कोणाच्या ताब्यात देऊ नये, नाहीतर तुमच्या क्रमांकाने दुसरीच बोट फिरायची. आमच्या बोटीची नाळ आम्ही कापून ठेवली होती. ती आता घराच्या ओट्याला टेकून उभी आहे आणि जाळी विणायला बसताना तिचा टेकू घेता येतो.